‘मेट’ म्हटलं की सावध

मेलबर्नहून :

जुळे सोलापुरात अजून समज आहे, की ‘यू बास्टर्ड’नंतरचा आवाज थोबाडीत बसल्याचाच असतो. हिंदी सिनेमानं शिकवलेलं इंग्रजी! मीही तेच घेऊन इथं आलो. पहिल्याच महिन्यात अडलेलं मशीन चालू करून दिलं, तर फोरमन पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘यू क्लेव्हर बास्टर्ड!’ माझा बाप काढला म्हणून दुपारचा डबा गेला नाही. संध्याकाळी कळलं, ती शाबासकी होती.

‘पुअर बास्टर्ड’ म्हणजे बिचारा, ‘लकी बास्टर्ड’ म्हणजे नशीबवान. दातओठ खाऊन नुसताच आला, तर मात्र शिवी. 1932-33 च्या बॉडीलाइन क्रिकेट मालिकेचा किस्सा इथले म्हातारे रंगवून सांगतात. आपल्याला बास्टर्ड म्हटलं, अशी तक्रार घेऊन इंग्लंडचा कर्णधार जार्डिन ऑस्ट्रेलियाच्या ड्रेसिंगरूमशी गेला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक रिचर्डसननं आत वळून विचारलं, या बास्टर्डला बास्टर्ड कुठल्या बास्टर्डनं म्हटलं? ‘ब्लडी’ही तसाच. 2006 साली इथल्या पर्यटन खात्यानं तो शब्द घालून जगाला आमंत्रण दिलं, तर ब्रिटनमध्ये ती जाहिरात काही दिवस टीव्हीवर येऊ दिली नाही. शब्द त्यांनीच दिलेला, बरं का!

आपण हसायला नको. आपला सोलापुरी ‘बे’ घ्या. सैफुलच्या टपरीवर मित्रानं ‘काय करलालास बे?’ असं न विचारता नुसतं ‘कसा आहेस?’ विचारलं, तर हा उसने मागणार, हे नक्की. पुण्यात रूममेटला पहिल्याच दिवशी ‘बे’ म्हणालो, तर पठ्ठ्या आठवडाभर बोलला नाही. पुढं सुट्टीत तो सोलापूरला आला आणि आपण शिकलो हे दाखवायला माझ्या वडलांना म्हणाला, ‘काय बे काका!’ बाबांनी हातातला चहा खाली ठेवला.

तोच प्रकार मी इथं केला. साहेबाला बढती मिळाली, मी भर मीटिंगमध्ये ‘लकी बास्टर्ड’ म्हणालो. कोणी हसलं नाही. साहेब शांतपणे म्हणाला, ‘लिसन, मेट...’ मेट म्हणजे दोस्त, पण त्या आवाजातला नव्हे. रात्री उशिरा घरी गेल्यावर बाबा ‘या साहेब, या!’ म्हणायचे, त्या आवाजातला.

आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा फेब्रुवारीत इकडे येतोय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत गुण उत्तम आहेत म्हणे. त्याला सांगा, पहिले सहा महिने नुसतं ऐक. येताना शेंगाचटणी आण. आणि हा निरोप ‘बे’ लावूनच द्या, नाहीतर मी पाठवलाय हे त्याला पटायचं नाही.