टाकीच्या झाकणातले छिद्र

शिर्डी-राहाता भागातल्या काळ्या रानात कालव्याचे आवर्तन सुटून वाफसा आला, की पेरणीला थोडेच दिवस हाती असतात. माती वाळली की ढेकळे निघतात. नेमका अशा वेळी जुना ट्रॅक्टर रुसतो! इंजिन सुरू होते, दहा मिनिटे झकास चालते, मग आचके देत बंद पडते. थोडे थांबून पाहावे तर पुन्हा सुरू, पुन्हा बंद. 'इंजिनच गेलं' म्हणून मालक कपाळाला हात लावतो. खरेच गेले असेल का?

डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दट्ट्याने हवा सोळा-अठरा पट दाबली, की ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते आणि नोझलमधून येणारा डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. आपले इंजिन सुरू होते आहे, म्हणजे हवा दाबण्याचे काम बहुधा ठीक आहे. तेव्हा संशय घ्यायचा तो डिझेलच्या वाटेवर: टाकी, तोटी, फीड पंप, फिल्टर, डिझेल पंप, नोझल. फिल्टरमध्ये साठलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चालते. मागून पुरेसे आले नाही, की थांबते.

आता टाकीचे झाकण पाहा. त्यात एक बारीक छिद्र असते. डिझेल खाली जाईल तशी बाहेरची हवा त्यातून आत येते. ते चिखलाने बुजले तर? समजा, टाकी जवळजवळ भरलेली आहे आणि वर फक्त १ लिटर हवा आहे. ट्रॅक्टरने १० मिनिटांत अर्धा लिटर डिझेल घेतले, तर तीच हवा दीड लिटर जागेत पसरेल. बॉइलचा नियम तुम्हांला ठाऊक आहेच. दाब दोन-तृतीयांश उरेल! फीड पंपाला जणू चार मीटर खोल आडातून डिझेल ओढायचे. पडदा जुना झालेला पंप इथे हात टेकतो. टाकीत २० लिटर हवा असती, तर तेवढ्याच वेळात दाब जेमतेम अडीच टक्के उतरला असता. म्हणून 'टाकी भरली की लवकर बंद पडतो' ही तक्रार मोलाची आहे. ऐकणाऱ्याला ती विचित्र वाटते, एवढेच.

दुसरा चोर म्हणजे नळीत शिरलेली हवा. टाकी ते फीड पंप या भागात पंप ओढत असतो, त्यामुळे सैल जोडातून डिझेल गळेलच असे नाही, उलट हवा आत शिरते. नोझल उघडायला वातावरणाच्या शेकडो पट दाब लागू शकतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र स्पंजासारखी दबते, आणि पंपाचा सारा जोर तिथेच जिरतो. म्हणून मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंप हाताने मारतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढतो. पण जोड कसला नाही, तर दुखणे पुन्हा येणारच.

तपासणी सोप्याकडून अवघडाकडे करावी. (चालू इंजिनाच्या नोझलच्या नळ्यांना मात्र हात लावू नका, तो फवारा कातडी भेदून आत जातो.) इंजिन बंद पडताच मोठ्या माणसाकडून झाकण उघडवा आणि कान द्या. 'सूं' असा आवाज करीत हवा आत गेली, तर झाकण धुऊन छिद्रात बारीक तार घाला. आवाज आला नाही, तर टाकीच्या तळाची जाळी आणि फिल्टर पाहा, मग जोड. डिझेल पंप उघडण्याची गोष्ट शेवटी.