डॉक्टर बदलला, चाहते चिडले!

डिसेंबर १९८६. बीबीसीवर तेव्हा 'ओपन एअर' नावाचा कार्यक्रम लागायचा. प्रेक्षकांनी यायचं आणि टीव्हीवर काय पाहिलं, काय पटलं नाही, हे बिनधास्त सांगायचं. त्या दिवशी विषय होता 'डॉक्टर हू'चा नुकताच संपलेला सीझन. चौदा भागांची सलग कथा, नाव 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड'. शेवटचा भाग लिहिणारे पिप आणि जेन बेकर हे दाम्पत्य कार्यक्रमात हजर होतं. लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या गटातला सोळा वर्षांचा एक मुलगा बोलायला लागला. लेखन याहून चांगलं हवं होतं, सगळं ठरीव वाटलं, तेच बाष्कळ राक्षस आणि तीच कॉरिडॉरमधली धावपळ, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता.

त्या मुलाचं नाव ख्रिस चिबनॉल. २०१८ मध्ये ते याच मालिकेचे प्रमुख लेखक आणि शोरनर झाले आणि २०२२ पर्यंत राहिले. त्या काळात चाहत्यांनी त्यांच्या लेखनाबद्दल जे म्हटलं, ते १९८६ च्या त्या टीकेपेक्षा कितीतरी कडक होतं.

बेकर दाम्पत्याची बाजूही सांगायला हवी. मूळ शेवट लिहायला घेतलेले रॉबर्ट होम्स वारले. संहिता संपादक एरिक सॅवर्ड यांनी तो पूर्ण केला, मग वाद होऊन आपलं लेखन परत घेतलं. बेकरांना अगदी थोड्या दिवसांत नवा शेवट लिहावा लागला. मूळ शेवटात काय होतं, हे कायद्याने त्यांना कोणी सांगूही शकत नव्हतं! एवढ्या अडचणीत लिहिलेल्या भागाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आधी थोडी ओळख

'डॉक्टर हू' सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ ला, शनिवारी. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या बातमीत पहिला भाग झाकोळला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची. दिग्दर्शक वारिस हुसेन त्याहूनही लहान. जन्म लखनौचा, 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. जगातली सर्वांत जास्त चाललेली विज्ञानकथा मालिका लखनौच्या मुलाने सुरू करून दिली, हे मला भेटेल त्याला सांगावंसं वाटतं.

नायक परग्रहावरचा, गॅलिफ्रेचा टाइम लॉर्ड. त्याला सगळे फक्त 'डॉक्टर' म्हणतात. वाहन म्हणजे टार्डिस: बाहेरून ब्रिटिश पोलिसांची निळी लाकडी केबिन, आत अफाट मोठं यान. ते काळातही फिरतं. टार्डिसचा तो घरघरता आवाज बीबीसीच्या ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर किल्ली घासून काढला. आणि मरायची वेळ आली की डॉक्टर रीजनरेट होतो: नवा चेहरा, नवा स्वभाव, नवा नट. मालिका साठ वर्षं टिकली ती याच युक्तीवर, आणि चाहत्यांची भांडणंही तिच्याचमुळे.

पहिलीच तक्रार साहेबांची

मालिकेची कल्पना ज्यांच्या पुढाकाराने उभी राहिली ते बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन. त्यांनी बजावलं होतं: बटबटीत डोळ्यांचे राक्षस अजिबात नकोत. दुसऱ्याच कथेत टेरी नेशन यांनी डालेक आणले! न्यूमन संतापले. प्रेक्षक मात्र वेडे झाले, संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली. आज डालेक नसलेला 'डॉक्टर हू' कोणाला सुचणारही नाही.

१९६६ मध्ये विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली आणि त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले. पहिलाच बदल. एवढ्या विद्वान म्हाताऱ्याचा विदूषक करून टाकला, अशा प्रतिक्रिया बीबीसीकडे आल्या. आज जुन्या चाहत्यांना लाडका डॉक्टर विचारा, ट्राउटन यांचं नाव हमखास येतं. पुढच्या काही डॉक्टरांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेतली आहे.

ज्याला शिव्या घातल्या, त्याचंच नाव संमेलनाला

माझा सर्वांत आवडता किस्सा हा. १९७६ मध्ये 'द डेडली असॅसिन' आली. पहिल्यांदाच गॅलिफ्रे सविस्तर दिसला. तिथले टाइम लॉर्ड म्हणजे देवासारखे कोणी तरी, अशी चाहत्यांची समजूत होती. पडद्यावर दिसले ते कटकारस्थानं करणारे, खुर्चीला चिकटलेले म्हातारे. त्याच वर्षी डॉक्टर हू ॲप्रिसिएशन सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या अध्यक्षांनी या कथेची लेखी चिरफाड केली. मालिकेची जादूच गेली, असं त्यांचं म्हणणं.

दुसरीकडून मेरी व्हाइटहाउस यांची तक्रार. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध त्या कायम लढत. तिसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबलेलं दिसतं आणि चित्र तिथेच थांबतं. आठवडाभर मुलांच्या डोळ्यांपुढे ते राहील, असं त्या म्हणाल्या. बीबीसीने माफी मागितली आणि मूळ टेपमधून ते दृश्य कापलं.

आणि नंतर? टाइम लॉर्ड बाराच वेळा रीजनरेट होऊ शकतो, हा नियम याच कथेतला. रॅसिलॉन, मॅट्रिक्स, पॅनॉप्टिकॉन नावाचं सभागृह, सगळं इथलंच. सोसायटीने पुढे आपल्या संमेलनाला नाव दिलं 'पॅनॉप्टिकॉन'! आज ही कथा उत्तमांत गणली जाते.

पहिला नंबर, शेवटचा नंबर, शेजारी शेजारी

'डॉक्टर हू मॅगझिन'ने २००९ मध्ये तोवरच्या २०० कथांसाठी वाचकांची मतं घेतली. पहिली आली 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी', पीटर डेव्हिसन यांची निरोपाची कथा. अगदी शेवटची आली 'द ट्विन डायलेमा', कॉलिन बेकर यांची सलामीची. आता गंमत बघा: दोन्ही मार्च १९८४ मधल्या. पहिली संपली आणि पुढच्याच आठवड्यात दुसरी सुरू झाली.

नव्या डॉक्टरने आल्या आल्या आपल्याच सोबतिणीचा, पेरीचा गळा आवळला. त्याच कथेवर सीझन संपला. पुढचे जवळपास नऊ महिने चाहते तेवढंच मनात घेऊन बसले. २०१४ मध्ये पुन्हा मतं घेतली, तोवर कथा झाल्या होत्या २४१. शेवटचा क्रमांक पुन्हा 'ट्विन डायलेमा'लाच. म्हणजे काळ सगळ्याच नावडत्या कथांना माफ करत नाही. काही वेळा चाहत्यांचं पहिल्या दिवसाचं मतच खरं ठरतं.

बीबीसीने पुसलं, पोरांनी जपलं

टेप महाग होत्या, पुन्हा वापरता येत होत्या. त्यामुळे साठच्या दशकातले भाग बीबीसीने पुसून टाकले, परदेशी विक्रीसाठीच्या फिल्मच्या प्रतीही फेकल्या. आजही नव्वदहून जास्त भाग हरवलेले आहेत.

पण त्यातल्या प्रत्येक भागाचा आवाज आपल्याकडे आहे! इंग्लंडमधली शाळकरी पोरं टीव्हीजवळ टेप रेकॉर्डर ठेवून भाग ध्वनिमुद्रित करायची, पुन्हा ऐकता यावा म्हणून. आईने मध्येच बोलू नये, दार वाजू नये, म्हणून किती जपलं असेल त्यांनी. त्याच ध्वनिमुद्रणांवर चित्रं चढवून बीबीसीने पुढे ॲनिमेशन केली. २०१६ चं 'द पॉवर ऑफ द डालेक्स' त्यातलंच. चाहत्यांच्या प्रेमाचा याहून सज्जड पुरावा मला माहीत नाही.

हरवलेल्या भागांनी मतांची मोठी उलथापालथ केली. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'चा सहापैकी एकच भाग उरला होता, आणि तोही जरा संथ. त्यावरून सगळ्या कथेला सुमार ठरवून चाहते मोकळे झाले होते. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात ती पूर्ण सापडली. ट्राउटन यांचा डबल रोल, एकीकडे डॉक्टर आणि दुसरीकडे हुकूमशहा सालामँडर! सुमार म्हणून गणलेली कथा एकदम वरच्या रांगेत जाऊन बसली.

मालिका थांबली, चाहते नाही

१९८५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने मालिकेला दीड वर्षाची विश्रांती जाहीर केली. चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं. 'डॉक्टर इन डिस्ट्रेस' हे गाणंच काढलं, खुद्द कॉलिन बेकरही त्यात गायले. या गाण्याच्या कामात हान्स झिमर यांचाही हात होता, हो, पुढे 'द लायन किंग'साठी ऑस्कर मिळवणारे झिमर. गाणं चाललं नाही, ते सोडा.

१९८९ मध्ये मालिका खरंच बंद पडली. मग चाहत्यांनी काय केलं? स्वतःच लिहायला घेतलं. व्हर्जिनने १९९१ पासून 'न्यू ॲडव्हेंचर्स' या कादंबऱ्या काढल्या आणि नव्या लेखकांना दार उघडं ठेवलं. पॉल कॉर्नेल, मार्क गॅटिस, रसेल टी. डेव्हिस, सगळे तिथे लिहीत होते. डेव्हिस यांनीच २००५ मध्ये मालिका पुन्हा उभी केली. कॉर्नेल यांची १९९५ ची 'ह्यूमन नेचर' ही कादंबरी २००७ मध्ये टीव्हीवर आली. नव्या मालिकेत डालेकना आवाज देणारे निकोलस ब्रिग्जही मुळात चाहतेच.

पीटर कपाल्डी यांनी पंधरा वर्षांचे असताना 'रेडिओ टाइम्स'ला पत्र लिहून त्याच्या 'डॉक्टर हू' विशेषांकाचं कौतुक केलं होतं. १९७४ मध्ये ते छापून आलं; २०१३ मध्ये कपाल्डी स्वतः बारावे डॉक्टर झाले. पुढे डॉक्टर झालेल्या डेव्हिड टेनंट यांनी लहानपणी ही मालिका पाहूनच नट व्हायचं ठरवलं. २००८ च्या एका भागात डॉक्टरच्या मुलीची भूमिका केली जॉर्जिया मॉफेट यांनी, त्या पाचव्या डॉक्टरच्या, म्हणजे पीटर डेव्हिसन यांच्या, खऱ्या कन्या. पुढे टेनंट यांनी त्यांच्याशीच लग्न केलं. तक्रार करणारा प्रेक्षक आणि मालिका घडवणारा कलावंत, यांच्यातली भिंत इतकी पातळ मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हार्टनेलच्या आधी कोण?

२०१७ च्या ख्रिसमसला जोडी व्हिटेकर या पहिल्या स्त्री डॉक्टर झाल्या. त्यांच्याच पहिल्या सीझनमधला 'डीमन्स ऑफ द पंजाब' फाळणीवर आहे. विनय पटेल यांनी लिहिलेला हा भाग आपल्या वाचकांनी आवर्जून पाहावा. खरा भडका उडाला १ मार्च २०२० ला, 'द टाइमलेस चिल्ड्रन'मुळे. हार्टनेल हे पहिले डॉक्टर नव्हतेच, त्याआधी अनेक जन्म झाले होते, असं त्यात उघड झालं. इतिहास मोडला, असा गिल्ला झाला.

पण १९७६ च्या 'द ब्रेन ऑफ मोर्बियस'मध्ये डॉक्टरच्या मनातून हार्टनेलच्या मागचे काही चेहरे दिसून गेलेच होते! ते चेहरे निर्माते फिलिप हिंचक्लिफ, रॉबर्ट होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. चव्वेचाळीस वर्षं चाहते त्यावर वाद घालत होते, चिबनॉल यांनी एक बाजू घेतली एवढंच.

आणि २०२५

डॉक्टर म्हणून शूटी गाटवा यांचा दुसरा सीझन १२ एप्रिल ते ३१ मे २०२५ या काळात आला. सोबतीला बेलिंडा चंद्रा ही परिचारिका, भूमिका केरळमध्ये जन्मलेल्या वरदा सेतू यांची. दुसऱ्या भागात, 'लक्स'मध्ये, मालिकेत परतलेल्या डेव्हिस यांनी थेट चाहत्यांनाच पडद्यावर आणलं. डॉक्टर टीव्हीच्या चौकटीतून बाहेर पडतो तो थेट तीन 'डॉक्टर हू'वेड्यांच्या खोलीत. त्यांना सगळं माहीत असतं, कथेतल्या चुकाही ते डॉक्टरला तोंडावर सांगतात. सर्वांत आवडता भाग कोणता? तिघंही म्हणतात, 'ब्लिंक'. म्हणजे २००७ चा, टेनंटचा! गाटवाच्या डॉक्टरचा पडलेला चेहरा बघण्यासारखा आहे. या तिघांना निव्वळ चेष्टेचा विषय केलेलं नाही, उलट डॉक्टरला वाचवायला ते स्वतःला पणाला लावतात. शेवटच्या श्रेयनामावलीत ते अजून आहेत हे दिसतं, तेव्हा मला अतिशय आनंद झाला.

'लक्स' आणि 'द वेल'चं कौतुक झालं. लागोसमधल्या न्हाव्याच्या दुकानात घडणारी 'द स्टोरी अँड द एंजिन'ही अनेकांना भावली, मला तर ती सीझनमधली सर्वोत्तम वाटते. तक्रारी मात्र ठरलेल्या: आठच भाग, फार कमी, शेवट घाईत उरकला, बेलिंडाला अचानक आई करून टाकली. आणि सर्वांत मोठी तक्रार 'द रानी'बद्दल. ही दुष्ट टाइम लेडी १९८५ पासूनची. मालिकेत एखादी गूढ बाई आली की ती रानीच असणार, असा अंदाज चाहते वर्षानुवर्षं बांधत आले. या सीझनमध्ये ती खरंच आली, आर्ची पंजाबी यांच्या रूपात, पण शेवटच्या तीन भागांतच दिसली आणि अखेरच्या भागात ओमेगा या टाइम लॉर्डने तिला गिळून टाकलं. एवढ्या थाटाची खलनायिका अशी वाया का घालवली, हा प्रश्न रास्त आहे. रानी निर्माण कोणी केली होती? पिप आणि जेन बेकर यांनीच.

शेवटच्या मिनिटात गाटवा रीजनरेट झाले आणि समोर उभ्या राहिल्या बिली पायपर, २००५ मधली डॉक्टरची सोबतीण रोझ टायलर! श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलं, पण 'डॉक्टर' हा शब्द पुढे नव्हता. तेवढ्यावरून तर्कांचा पूर आला: ही डॉक्टर, की रोझ, की रोझच्या रूपातली 'बॅड वुल्फ' ही शक्ती? ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्नेची बीबीसीबरोबरची भागीदारी संपल्याचं जाहीर झालं, आणि त्याचबरोबर डेव्हिस २०२६ च्या ख्रिसमससाठी विशेष भाग लिहिणार असल्याचंही. माझं मत विचाराल तर ती डॉक्टर नाही. याच्या उलट मत असलेल्या चाहत्यांशी तासभर वाद घालायला मी एका पायावर तयार आहे.