मनगटावरील गाठ व तिचा उपचार

शरीरावर एखादी नवी गाठ दिसू लागली म्हणजे घरात दोन प्रकारचे सल्लागार उभे राहतात. एक म्हणतो, "काही नाही, आपोआप जाईल." दुसरा म्हणतो, "आजच्या आज फोडून टाका." मनगटाच्या पाठीमागे येणाऱ्या एका विशिष्ट गाठीच्या बाबतीत पहिल्याचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते आणि दुसऱ्याचा सल्ला पुष्कळदा अपायकारक ठरतो. तथापि पहिल्याचे म्हणणेही डोळे मिटून मानणे बरे नव्हे. हे असे का, याचा उलगडा आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहो.

आमचा म्हसावदचा परिसर सातपुड्याच्या पायथ्याचा. कापूस वेचणे, मिरची तोडणे, पपई उतरवून कागदात गुंडाळणे, पाण्याचे हंडे वाहणे, भाकरी थापणे ही येथील नित्याची कामे मनगटाच्या बळावरच चालतात. आणि आमच्या विद्यार्थ्यांची तर सारी परीक्षाच त्या मनगटावर अवलंबून! अशा ठिकाणी गाठ आली की आईच्या मनात कर्करोगाची शंका येते, आणि मुलगी उपवर असेल तर लोक काय म्हणतील याचीही. या दोन भयांपोटी जी घाई होते, तिच्यामुळे गाठीपेक्षा अधिक नुकसान होण्याचा संभव असतो.

प्रथम ही गाठ म्हणजे काय ते पाहू. लोक अशा गाठीस आवाळू म्हणतात. डॉक्टर तिला गँग्लियन असे नाव देतात. हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ गाठ असाच आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात मज्जापेशींच्या पुंजक्यासही हेच नाव असते. परंतु मनगटावरील गाठीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपले मनगट आठ लहान हाडांचे बनलेले आहे. ती हाडे चिवट अस्थिबंधांनी एकमेकांस जखडलेली असून त्यांच्या सांध्यांत वंगणासारखा एक बुळबुळीत द्रव असतो. सांध्याचे वेष्टन एखाद्या ठिकाणी दुबळे झाले म्हणजे तेथून एक लहानशी पिशवी बाहेर फुगते. तिच्यात दाट, पारदर्शक, अंड्यातील पांढऱ्या बलकाहून घट्ट असा पदार्थ साठतो. पिशवी वर दिसते, पण तिचा देठ खाली सांध्यापर्यंत गेलेला असतो. मनगटाच्या सांध्यात रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी तपासले असता ते द्रव्य गाठीत उतरलेले दिसले. उलट गाठीत सोडलेले द्रव्य सांध्यात परतले नाही. अर्थात हा देठ एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेसारखा वागतो. उपचारांचे यशापयश समजण्यास हा देठ विसरून चालणार नाही.

हाताच्या व मनगटाच्या मऊ गाठींमध्ये हीच गाठ सर्वांत अधिक आढळते. दहांपैकी सहा-सात वेळा ती मनगटाच्या पाठीमागील बाजूस असते. काही वेळा तळव्याच्या बाजूस, अंगठ्याच्या मुळाजवळ येते. वीस ते चाळीस या वयात ती विशेष दिसते, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. परंतु मुलेही तिला अपवाद नाहीत. तिचे निश्चित कारण शास्त्रास अद्यापि सापडलेले नाही. मनगटावर वारंवार भार घेणाऱ्या कसरतपटूंत ती अधिक दिसते, यावरून सांध्यावरील ताण हे एक कारण असावे असे मानतात. ही गाठ कर्करोगाची नव्हे व तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही. ती संसर्गजन्यही नाही. एका बाकावर बसल्याने ती दुसऱ्यास होत नाही.

तिची काही लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. ती गुळगुळीत व गोलसर असते, कधी लहान होते, कधी मोठी, आणि मनगट तळव्याकडे वाकवले की अधिक उठून दिसते. अंधाऱ्या खोलीत तिला विजेरी लावून धरली तर प्रकाश तिच्यातून आरपार गेल्यासारखा दिसतो. मात्र शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच. शंका असेल तर ते सोनोग्राफीने खात्री करून घेतात.

आता घरगुती उपायांकडे वळू. जड पुस्तकाने गाठीवर तडाखा मारून ती फोडण्याची रीत युरोपात पूर्वी फार प्रचलित होती. घरातील सर्वांत जाड ग्रंथ बहुधा बायबल असल्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या लोकांत या गाठीस 'बायबलची गाठ' असे नावच पडले! पवित्र ग्रंथाचा असा उपयोग त्याच्या कर्त्यांच्या मनात खासच नसावा. तडाख्याने पिशवी फुटते, द्रव आसपास पसरून जिरतो आणि गाठ गेली असे वाटते. पण देठ तसाच राहिल्यामुळे ती पुष्कळदा पुन्हा भरते. मार चुकला तर मनगटाचे हाड मोडण्याचे किंवा बोटांकडे जाणारे कंडरे दुखावण्याचे भय असते ते निराळेच.

आपल्याकडील उपायही निर्धोक नाहीत. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. तापलेल्या लोखंडाचा डाग दिल्याने देठास काहीच होत नाही. मात्र जखम चिघळते, आणि जो व्रण टाळण्यासाठी एवढी धडपड केली, त्याहून मोठा व्रण जन्मभर राहतो. सुईने घरीच टोचणे तर त्याहून वाईट. कारण त्या वाटेने जंतू थेट सांध्यात शिरू शकतात.

मग करावे काय? गाठ दुखत नसेल, हात नीट चालत असेल आणि डॉक्टरांनी एकदा पाहून खात्री दिली असेल, तर काही न करणे हाच पहिला व उत्तम उपचार होय. हे म्हणणे आळसाचे नव्हे. इंग्लंडातील लेस्टर येथील शल्यवैद्यांनी मनगटाच्या पाठीमागील गाठी असलेल्या रुग्णांची सहा वर्षांनंतर पाहणी करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी काहीच उपचार घेतला नव्हता, अशांपैकी शेकडा ५८ जणांची गाठ आपोआप नाहीशी झाली होती. सुईने द्रव काढलेल्यांपैकी शेकडा ५८ जणांना, आणि शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांपैकी शेकडा ३९ जणांना ती पुन्हा आली होती. लहान मुलांत तर ती आपोआप जाण्याचा संभव विशेष असतो. हे आकडे पाहिले म्हणजे धीर धरण्याचे मोल कळते.

गाठ दुखत असेल तर काही दिवस मनगटास विश्रांती द्यावी. डॉक्टर त्यासाठी पट्टा देतात. पण तो महिनोन्‌महिने बांधून ठेवू नये, कारण त्याने स्नायू दुबळे होतात. एवढ्याने न भागल्यास डॉक्टर निर्जंतुक सुईने आतील द्रव काढून घेतात. हे काम थोड्या वेळात होते व व्रण राहत नाही. परंतु देठ शिल्लक राहतो, म्हणून गाठ परतण्याची तयारी मनात ठेवावी. तळव्याच्या बाजूच्या गाठीजवळून, जेथे आपण नाडी पाहतो, तीच रक्तवाहिनी जाते. तेथे सुई घालणे जोखमीचे असल्याने डॉक्टर सहसा ते टाळतात.

वेदना हटत नसेल किंवा काम अडत असेल तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा. तीत गाठ, तिचा देठ व त्यालगतचा वेष्टनाचा लहानसा भाग काढतात. देठ निघाल्यामुळे हा उपाय सुईपेक्षा अधिक टिकाऊ ठरतो. तरीही व्रण राहतो, काही काळ मनगट आखडते, आणि क्वचित एखादा मज्जातंतू दुखावतो. यास्तव केवळ दिसण्यासाठी ही शस्त्रक्रिया करविण्यापूर्वी दोनदा विचार करावा. २०२० साली नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे अशा सल्ल्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज कमी झाली आहे.

धीर धरावा असे आम्ही म्हणतो खरे, पण काही प्रसंगी धीर हाच दोष ठरतो. गाठ दगडासारखी कठीण असेल, झपाट्याने वाढत असेल, लाल व गरम होऊन ताप येत असेल, रात्री ठणकत असेल, बोटांस मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली झाली असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. विशेषतः मनगटाच्या तळव्याकडील बाजूस, वर व खाली अशी दुहेरी सूज असेल तर ती क्षयरोगाची असू शकते. तिच्या आत तांदळाच्या दाण्यांसारखे कण सापडतात. तो रोग निराळा, त्याचे औषधही निराळे. आणि ते सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य मिळते. अशी सूज साधी गाठ समजून वर्षभर घरी ठेवली तर हात कायमचा अधू होऊ शकतो.

म्हणून विद्यार्थ्यांनी मनगटावर गाठ दिसताच ती बाहीखाली लपवू नये. आईवडिलांस किंवा शिक्षकांस दाखवावी. पालकांनी तिला पुस्तक, बिब्बा वा डाग यांचा प्रसाद देऊ नये. एकवार डॉक्टरांस दाखवून ती कोणत्या जातीची आहे ते ठरवून घ्यावे. ती साधी निघाली तर तिच्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकावे, आणि मुलीच्या हातावर ती आहे म्हणून तिला कोणी नाव ठेवू लागल्यास हाच मजकूर त्यास वाचून दाखवावा. वाटाण्याएवढी ती पिशवी मुलाचे लेखन थांबवीत नाही की मुलीचे भाग्य अडवीत नाही. घाईने केलेला उपाय मात्र दोन्ही करू शकतो.