दार उघडल्यानंतर

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात माईंच्या सोप्यावर एक पिंजरा टांगलेला असे. पिलू असताना आणलेल्या त्यातल्या पोपटाच्या गळ्यावरची लाल रेघ त्या पिंजऱ्यातच उमटली. हरभऱ्याची भिजली डाळ, पेरूची फोड आणि पायात धरून सोलायची हिरवी मिरची एवढाच त्याचा संसार. यजमानांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, मुक्या जीवाला मोकळे करण्यासारखे पुण्य नाही असे कोणा जाणत्याने सांगितल्यावरून, माईंनी पिंजरा परसात नेला, हात जोडले आणि दार उघडले. पोपट बाहेर आला, पण उडाला नाही. पिंजऱ्याच्याच टपावर चढून बसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तो भेलकांडत चिंचेच्या खालच्या फांदीपर्यंत पोहोचला आणि कावळ्यांनी त्याला घेरले. तिन्हीसांजेला तो ‘माई, माई’ करीत ओट्याशी परतला. पण पिंजरा तोवर माळ्यावर गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीघराच्या पन्हळीपाशी चार हिरवी पिसे तेवढी सापडली.

भूतदया हा आपल्याकडे पुण्यसंचयाचा विषय मानला गेल्यामुळे तिचा जमाखर्च मांडणे अनुदारपणाचे वाटते. तथापि ज्या जीवावर दया केली त्याचे पुढे काय झाले, ही चौकशी टाळून केलेली दया बहुधा आपण स्वतःवरच केलेली असते. सरकारदरबारी बंदिवानाला बंदीखान्याबाहेर काढण्याचे दोन निराळे हुकूम असतात : एक मुक्ततेचा आणि दुसरा हद्दपारीचा. दार दोहोंतही उघडते. परंतु पहिल्यात माणूस आपल्या मुलखात जातो आणि दुसऱ्यात मुलखाबाहेर. बंदिस्त प्राण्याला रानात सोडताना यांपैकी कोणत्या हुकमावर आपण सही करतो, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची फार मोठी आणि फार खर्चिक परीक्षा झाली ती केइको नावाच्या ऑर्काच्या बाबतीत. ऑर्का हा डॉल्फिनांच्या कुळातील सर्वांत मोठा जलचर. आईचा कळप हेच त्याचे घर, हीच त्याची शाळा आणि हीच त्याची भाषा. केइकोला 1979 मध्ये आइसलंडनजीकच्या समुद्रात, जेमतेम दोनेक वर्षांचा असताना पकडण्यात आले आणि कॅनडामार्गे 1985 मध्ये मेक्सिको शहरातील एका करमणूक उद्यानाला विकण्यात आले. तेथील उथळ, कोमट पाण्याच्या हौदात त्याच्या कातडीवर चामखिळी उठल्या आणि पाठीवरचा उंच पर एका बाजूला लवंडला. 1993 मध्ये ‘फ्री विली’ या चित्रपटात त्याने बंधनातून सुटून समुद्रात झेपावणाऱ्या ऑर्काचे काम केले. आणि पडद्यावर सुटलेला नायक प्रत्यक्षात अजून त्याच हौदात आहे हे कळताच प्रेक्षक हळहळले, मुलांनी खाऊचे पैसे पाठवले आणि त्याच्या सुटकेसाठी निधी उभा राहिला.

1996 मध्ये त्याला अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मोठ्या, थंड हौदात आणले गेले आणि सप्टेंबर 1998 मध्ये आइसलंडच्या वेस्टमन बेटांपाशी, जाळ्याने बंदिस्त केलेल्या खाडीत उतरवण्यात आले. जिवंत मासे धरण्याचे शिक्षण, नावेच्या मागोमाग खुल्या समुद्रात फेरफटका, रानटी ऑर्कांच्या कळपांशी ओळख, असा कित्येक वर्षांचा आणि कोट्यवधी डॉलरांचा इतमाम झाल्यावर 2002 च्या उन्हाळ्यात केइको खरोखरच दूर निघून गेला. अंगावरील यंत्राच्या संकेतांनी त्याचा माग लागला तो सुमारे दीड हजार किलोमीटरांवर, नॉर्वेच्या किनाऱ्याशी. पण तो तेथे कळपासोबत नव्हता, माणसांच्या होड्यांभोवती घुटमळत होता. गावची मुले त्याच्या पाठीवर चढत आणि तो निमूटपणे चढू देई. डिसेंबर 2003 मध्ये न्यूमोनियाने तो मेला. या प्रयोगातील संशोधकांनी 2009 मध्ये जे लिहिले त्याचा मथितार्थ असा की, रानटी ऑर्कांच्या आसपास तो वावरला, मात्र त्यांच्यात कधी मिसळला नाही आणि माणसाची ओढ त्याची कधी सुटली नाही. अखेरची पाच वर्षे त्याला खाऱ्या, थंड आणि खऱ्या समुद्राचे पाणी लाभले, ही जमेची बाजू नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच्या लेखी घर कोणते होते, हे त्या घुटमळण्यातच दिसते.

कोणी म्हणेल की, हा लहानपणी धरलेल्या जीवाचा दोष. रानातच वाढलेल्या प्राण्याला पुन्हा रानात सोडले तर अडचण काय? याचे उत्तर आपल्या जुन्नर तालुक्याने दिले आहे. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसाच्या दाट फडात बिबट्याची मादी पिले घालू लागली. लोकांच्या रेट्यामुळे 2001 पासून वनखात्याने पिंजरे लावून अनेक बिबटे धरले आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. गावकऱ्यांना वाटले पीडा टळली, प्राणिमित्रांना वाटले जीव वाचला. प्रत्यक्षात माणसांवरील हल्ले, जे पूर्वी वर्षाला सरासरी चार होत, ते सुमारे चौपट झाले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हा हिशेब शास्त्रीय नियतकालिकात मांडला. बिबट्याचा प्रदेश हे त्याचे वतन असते. पाणी कोठे, वाट कोठली, शेजारचा नर कोणता, हे सारे त्याला पाठ असते. असा वतनदार उचलून दुसऱ्याच्या वतनात टाकला की नवखा आणि मूळचा दोघेही बिथरतात. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेला, पुढे ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेला बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर तेथे थांबलाच नाही. गळ्यातील माग दाखवणाऱ्या पट्ट्यासह सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईच्या वेशीपर्यंत गेला आणि 2011 मध्ये महामार्गावर वाहनाखाली सापडून मेला.

मग मुक्तता कधीच साधत नाही काय? साधते, पण तिची किंमत दार उघडण्याच्या आधी आणि नंतर मोजावी लागते. अरबस्तानातील पांढरा ओरिक्स हा हरिणासारखा प्राणी 1972 मध्ये रानातून नाहीसा झाला. सुदैवाने त्याचा एक कळप त्यापूर्वीच, 1963 पासून, अमेरिकेतील फिनिक्स येथे राखून ठेवलेला होता. त्याचे वंशज 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडले गेले, आणि त्यांच्या राखणीवर त्याच मुलखातील हरासीस जमातीची माणसे तैनात झाली. चौदा वर्षांत शेकड्यांनी वाढलेला हा कळप 1996 पासून चोरट्यांनी लुटला. श्रीमंतांच्या खाजगी संग्रहांसाठी जिवंत ओरिक्स पुन्हा धरले गेले. पुढे ओरिक्ससाठी राखलेल्या अभयारण्याचा विस्तारही सरकारने कमालीचा घटवला, आणि 2007 मध्ये युनेस्कोने त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून खोडले. बंदोबस्त ढिला पडला तेथे सुटका म्हणजे केवळ दोन पिंजऱ्यांमधले अंतर ठरले. तरीही अन्य ठिकाणच्या सुटकांमुळे ओरिक्स आज रानात जिवंत आहे, हेही तितकेच खरे. गिधाडांविषयी आपल्याकडे अधिक धीर दाखवला गेला. मेलेली गुरे खाणाऱ्या गिधाडांचा ज्या डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने संहार केला, त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये बंदी आली. परंतु हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढवलेली पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे आकाशात सोडली गेली ती 2020 मध्ये. आधी विष काढायचे, मग पाखरू सोडायचे, हा तो क्रम.

म्हणून माझा फैसला असा : ज्याला रान ठाऊक आहे, ज्याच्यासाठी रानात जागा आहे आणि ज्याच्या नाशाचे कारण दूर झाले आहे, त्यालाच सोडणे ही दया, बाकीच्यांना आयुष्यभर नीट सांभाळणे, हीदेखील दयाच. सणाच्या दिवशी बाजारातून मुनिया विकत घेऊन उडवणाऱ्याने तर एवढेच ध्यानात ठेवावे की, त्याच्या पैशाने उद्याचे जाळे विणले जाते. देशी पोपट पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. आपल्या किंवा शेजारच्या घरी असा पक्षी असेल तर त्याला भावनेच्या भरात गच्चीवरून उडवू नका. महाराष्ट्र वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आणि पुढचा पिंजरा विकत आणू नका.