मिटवायचं कुठं आणि मांडायचं कुठं

घाटनांदूरच्या आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या गटांत तक्रार निघाली की कुणीतरी म्हणतंच, "जाऊ द्या, मिटवून टाका." आज आपण या मिटवण्याबद्दलच बोलू.

खुरपणीला गड्याला एक रोज, बाईला त्याहून कमी. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, पण उचल जाते गड्याच्या हातात. हा भेदभावच आहे. समान कामाला समान मजुरीचा कायदा 1976 सालीच झाला. अशी मजुरीची गोष्ट आधी बसून बोलायला हरकत नाही. शेतमालक गावातलाच असतो, उद्याही त्याच्याच रानात जायचं असतं. मात्र बैठकीत आपल्या बाजूच्या दोघी-तिघी हव्यात. मुकादमाचा मेहुणाच पंच असेल तर त्याला आम्ही समेट म्हणत नाही.

कामाच्या जागी कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर 2013 चा कायदा आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायाही तिच्याकडे जाऊ शकतात. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची असते. इथं समेट होतो, पण बाईनं स्वतः मागितला तरच, आणि पैसे घेऊन नाही. ठरलेलं लिहून त्याची प्रत तिला मिळते. समोरच्यानं अट मोडली तर चौकशी पुढं चालते.

जातीवरून अपमान केला, पाणवठ्यावर अडवलं, तर मात्र गावबैठक बसवायची नाही. तो 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे, थेट पोलीस ठाणं गाठायचं.

कचेरीत काम अडलं असेल तर महिला लोकशाही दिन आहे. तालुक्याला, म्हणजे आपल्याला अंबाजोगाईला, महिन्याच्या चौथ्या सोमवारी आणि जिल्ह्याला तिसऱ्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच तयारी करायची. अर्ज एकीच्या स्वतःच्या तक्रारीचा हवा. कोर्टात चालू असलेली बाब तिथं घेत नाहीत.

मग सगळ्यांचं मिळून दुखणं असेल तर? त्यासाठी जनसुनवाई. 2019 साली आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला. एकेकीची शस्त्रक्रिया म्हणजे तिच्या घरातली गोष्ट वाटत होती. बऱ्याच जणींचं एकत्र आल्यावर शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. राज्य महिला आयोगही जिल्ह्यात येऊन जनसुनवाई घेतो. आयोग शिक्षा देत नाही, पण समोरच्याला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शासनाला शिफारस करू शकतो. अधिकारी समोर बसलेले असतात, त्यामुळं पोलिसांकडं रखडलेली तक्रार पुष्कळदा तिथंच हलते.

पण चारचौघांत बोलायचं का नाही, हे तिचं तिनं ठरवायचं. गटानं तिला पुढं ढकलू नये.

ज्यांना या महिन्यात अर्ज द्यायचाय, त्यांनी बैठकीला येताना मजुरीच्या हिशोबाची वही, आधीच्या अर्जाची पोच आणि आधारची झेरॉक्स आणावी. तारखा आठवत नसतील तर सण किंवा बाजाराचा दिवस सांगा, त्यावरून आपण तारीख काढू.