पुनर्पडताळणीयोग्य संशोधन आणि फाइल उतरवून घेणाऱ्या आज्ञावलीची निगा : अहिल्यानगर जिल्ह्याच्या पर्जन्य-अभ्यासाच्या संदर्भात

प्रस्तावना :

संशोधनाचा निष्कर्ष दुसऱ्या अभ्यासकास त्याच सामग्रीवरून व त्याच पद्धतीने पुन्हा काढता आला पाहिजे, हा शास्त्रीय व्यवहाराचा मूलभूत संकेत होय. संगणकाधारित संशोधनातही तो पाळला जावा, असा आग्रह स्टॅनफर्ड विद्यापीठातील भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट यांनी 1990च्या दशकाच्या प्रारंभी धरला. त्यानंतर आकडेमोडीच्या आज्ञावल्या जतन करण्याकडे लक्ष दिले जाऊ लागले. परंतु मूळ सामग्री संकेतस्थळावरून उतरवून घेणारी छोटी आज्ञावली, म्हणजेच ‘डाउनलोड स्क्रिप्ट’, बहुधा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पर्जन्याच्या अभ्यासाचे उदाहरण घेऊन या आज्ञावलीची निगा कशी राखावी, याचे विवेचन केले आहे.

सामग्रीचे स्वरूप :

जिल्ह्याचे क्षेत्रफळ 17,048 चौ. कि.मी. असून त्यात चौदा तालुके आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा माथा व 1,646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आहे; तेथे विपुल पाऊस पडतो. याउलट पारनेर, पाथर्डी, कर्जत व जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पुणे कार्यालय 1901पासूनचे दैनिक पर्जन्यमान 0.25 अंशाच्या चौकटींमध्ये, प्रत्येक वर्षाच्या स्वतंत्र फाइलीच्या रूपाने उपलब्ध करून देते. या अक्षांशावर एक चौकट सुमारे 725 चौ. कि.मी.ची होते, म्हणजे संपूर्ण जिल्हा जेमतेम तेवीस-चोवीस चौकटींएवढा आहे. इतक्या थोड्या चौकटींवर निष्कर्ष अवलंबून असल्याने एखादी फाइल सदोष असली तरी त्याचा परिणाम मोठा होतो. शंभराहून अधिक फाइली हाताने उतरवणे कष्टाचे आहे. शिवाय त्या कोठून व केव्हा घेतल्या याची नोंदही अशा वेळी राहत नाही. म्हणून हे काम आज्ञावलीकडे सोपविणे इष्ट ठरते.

विश्वासार्हतेस बाधा आणणारी कारणे :

1) अपूर्ण फाइल : या सामग्रीच्या द्विमान स्वरूपातील फाइलीत 135 × 129 चौकटी असतात व प्रत्येक आकडा चार बाइट जागा घेतो. त्यामुळे एका दिवसाची सामग्री 69,660 बाइट, सामान्य वर्षाची फाइल 2,54,25,900 बाइट व लीप वर्षाची 2,54,95,560 बाइट भरते. सामग्री दिनक्रमाने मांडलेली असते. समजा, जोडणी तुटल्यामुळे फाइल 1,69,27,380 बाइटांवर थांबली, तर तिच्यात 31 ऑगस्टपर्यंतचाच पाऊस असेल. पर्जन्यछायेतील तालुक्यांना सप्टेंबरच्या पावसाचा मोठा आधार असतो. आकार न तपासता बेरीज केल्यास चांगल्या पावसाचे वर्षही दुष्काळी ठरेल, आणि संगणक कोणतीही चूक दाखविणार नाही असेही होऊ शकते.

2) फाइलीच्या नावाखाली भलतेच पान : दुवा बदलला असता सर्व्हर ‘पान सापडले नाही’ असे पान पाठवितो. ‘कर्ल’ या साधनास त्रुटी आल्यास थांबण्याचा पर्याय दिला नसेल, तर ते हे पान मागितलेल्या नावानेच साठविते व काम यशस्वी झाल्याचे कळविते. काही संकेतस्थळे तर त्रुटीचे पान पाठवितानाही यशाचाच संकेतांक देतात. म्हणून केवळ संकेतांकावर विसंबणे पुरेसे नाही. फाइलीचा आकार व प्रारंभीचा मजकूरही तपासावा लागतो.

3) नावांतील बदल व साम्य : 2011च्या जनगणनेत जिल्ह्याच्या इंग्रजी नावात ‘एम’नंतर ‘ए’ हे अक्षर आहे, तर इतरत्र बहुधा ‘ई’ आढळते. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. त्यामुळे नावावरून फाइल वा रकाना शोधणारी आज्ञावली एका वर्षी चालते व दुसऱ्या वर्षी अडते. नावातील साम्य अधिक घातक आहे. कर्जत तालुका रायगड जिल्ह्यातही आहे. तो कोकणच्या मुसळधार पावसाचा, तर अहिल्यानगरचा कर्जत अवर्षणप्रवण. अकोले तालुका जनगणनेच्या इंग्रजी यादीत ‘अकोला’ असा आल्याने अकोला जिल्ह्याशी त्याची गल्लत संभवते. यावर उपाय म्हणजे नावाऐवजी सांकेतांक वापरणे. 2011च्या जनगणनेत या जिल्ह्याचा सांकेतांक 522 आहे. जुनी व नवी नावे या सांकेतांकाशी जोडणारा छोटा तक्ता प्रकल्पात ठेवावा.

4) मूळ फाइलीत होणारी सुधारणा : प्रकाशक संस्था सामग्री सुधारून त्याच नावाने पुन्हा ठेवू शकते. अशा वेळी अर्धवट उतरलेल्या जुन्या फाइलीस नवा भाग जोडला गेल्यास दोन आवृत्त्यांची सरमिसळ होते.

निगा राखण्याची पद्धती :

फाइल प्रथम तात्पुरत्या नावाने उतरवावी आणि सर्व तपासण्या पार पडल्यावरच तिला अंतिम नाव द्यावे. प्रत्येक फाइलीचा दुवा, उतरविल्याचा दिनांक, आकार व ‘एसएचए-256’ पद्धतीचा चेकसम एका नोंदपत्रकात लिहावा. चेकसम हा फाइलीच्या आशयावरून काढलेला ठसा असतो. एका अक्षराचाही फरक पडला तर तो बदलतो. पुढील वेळी ठसा जुळला नाही, तर आज्ञावलीने नवी फाइल मुकाट्याने न स्वीकारता थांबावे व कारण सांगावे. जोडणी तुटल्यास थोडा अवधी सोडून मोजकेच पुनःप्रयत्न करावेत; शासकीय सर्व्हरवर सतत मागण्यांचा भार टाकणे उचित नव्हे. मूळ फाइलींत हाताने बदल करू नये. परवाना अनुमती देत असल्यास त्यांची प्रत ‘झेनोडो’सारख्या भांडारात स्थायी अभिज्ञापकासह ठेवावी, कारण दुवा कालांतराने नाहीसा होऊ शकतो.

याखेरीज वर्षातून एकदा व शोधनिबंध पाठविण्यापूर्वी ही आज्ञावली रिकाम्या संगणक-पुस्तिकेत पहिल्यापासून चालवून पाहावी. महाविद्यालयांत प्रकल्प करणारे विद्यार्थी दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात. म्हणून आज्ञावली, नोंदपत्रक व बदलांचा इतिहास विभागाच्या ताब्यात राहणे आवश्यक आहे. ग्रंथालयातील दाखल-नोंदवहीप्रमाणेच हेही काम एका निश्चित व्यक्तीकडे सोपविलेले असावे.

समारोप :

फाइल उतरवून घेणारी आज्ञावली ही संशोधनाच्या साधनसूचीचाच भाग होय. ती अडली तर अभ्यासकाचा वेळ जातो, परंतु चूक समोर येते. ती चुकीची फाइल घेऊन निमूटपणे पुढे गेली तर मात्र निष्कर्षच बाधित होतो. ज्या जिल्ह्यात पाण्याचे नियोजन पावसाच्या आकड्यांवर अवलंबून असते, तेथे एखादे वर्ष दुष्काळी होते की नव्हते, याचे उत्तर तुटलेल्या जोडणीवर सोडता येणार नाही. शंका येताच थांबणे आणि थांबण्याचे कारण नोंदविणे हीच चांगल्या आज्ञावलीची कसोटी आहे.