पुण्याची गाडी नंतर, आधी कौंडण्यपूर!

बडनेरा स्टेशनवरून पुण्या-मुंबईची गाडी आपण सगळेच पकडतो. पण उलट दिशेनं, पायी कधी निघालात?

बडनेरा, अमरावती, कुऱ्हा, कौंडण्यपूर. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस. अमरावतीत अंबादेवीला थांबा. श्रीकृष्णानं रुक्मिणीला इथूनच नेलं, अशी आख्यायिका आहे. पुढे कपाशी-तुरीची शेतं आणि शेवटी वर्धा नदी. तिच्या काठावर रुक्मिणीचं माहेर, विदर्भाची प्राचीन राजधानी. 1960च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे कथा बाजूला ठेवली, तरी पायाखाली दोन हजार वर्षं आहेतच.

ज्येष्ठात इथूनच रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघते. ही परंपरा 1594 पासूनची सांगतात. आपल्या आजी-आजोबांच्या वयाची माणसं महिनाभर चालतात, मग आपल्याला दोन दिवस जड का व्हावेत?

दिवाळीनंतर थंडी पडली की निघा. वापरातलेच बूट घाला, नव्यानं फोड येतात. पाणी भरपूर घ्या, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

उद्या पुण्यात कुणी विचारलं, ‘तुमच्याकडे आहे तरी काय?’ तर गूगल करावं लागणार नाही. तुम्ही चालून आलेले असाल.